मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांमधून साधी माणसं दिसतात का?

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हायस्कूलला इतिहास शिकवता, पुस्तकात मेसोपोटेमिया म्हणजे दोन नद्या, झिगुरात (पायऱ्यापायऱ्यांची उंच देवळं) आणि हम्मुराबीचे कायदे एवढ्यावर आटोपतं, आणि एका मुलीने वर्गात विचारलं की बाई, तिथले साधे लोक दिवसभर काय करायचे, ते कुठे लिहिलंय का? म्हणून तुम्ही विचारताय की त्या लाखो मातीच्या पाट्यांमधून शहरातल्या साध्या माणसाबद्दल खरंच काही कळतं का, की सगळ्या राजांच्या बढायाच आहेत, आणि कळत असेल तर त्यावर भरवसा किती ठेवायचा.

मी वीसेक वर्षं अक्कडी, म्हणजे मेसोपोटेमियातल्या एका जुन्या भाषेतल्या पाट्या वाचतोय, त्यातही जास्त वेळ व्यापाऱ्यांच्या पत्रांमध्ये आणि कर्जाच्या चिठ्ठ्यांमध्ये गेलाय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, सावकाश वाचा.

तर कळतं, आणि खूप कळतं. राजांच्या बढाया असतातच, पण त्या जास्त करून दगडावर, भिंतीवर, देवळाच्या पायात पुरलेल्या लेखांवर. मातीच्या पाट्यांवर बहुतांशी हिशेब आहे. जव किती आला, मेंढ्या किती गेल्या, लोकर कुणाला दिली, कुणाची मजुरी बाकी, कोण कुणाला किती देणं लागतो. अगदी सुरुवातीचं घ्या. इराकच्या दक्षिणेला उरुक म्हणून शहर होतं, तिथे ख्रिस्तपूर्व ३३०० च्या आसपास लिहिणं सुरू झालं, तिथल्या सुमारे ५,००० सुरुवातीच्या पाट्या आपल्याकडे आहेत, आणि त्यातल्या दहातल्या साडेआठ-नऊ निव्वळ हिशेबाच्या आहेत. उरलेल्या शब्दांच्या याद्या आहेत, भांडी, मासे, झाडं, शहरातले हुद्दे, म्हणजे लिहिणं शिकणाऱ्यांसाठीचे धडे. एकही गोष्ट नाही, प्रार्थना नाही. हजारो माणसं एका जागी राहायला लागली, कुणी काय आणून दिलं आणि कुणाला काय वाटून दिलं हे डोक्यात मावेना, म्हणून लिहायला लागले. मुलांना हे एवढं सांगितलं तरी पुस्तकातली दोन पानं एकदम जिवंत होतात असा माझा अनुभव आहे.

पण उरुकच्या पाट्यांची एक अडचण आहे आणि ती मला या सगळ्या उत्तरात सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या पाट्या बहुतेक भरावात सापडल्या, म्हणजे जुन्या काळीच काम झाल्यावर कचऱ्यात टाकलेल्या, नंतर बांधकाम करताना तो कचरा भर म्हणून वापरलेला. त्यामुळे कोणती पाटी कोणत्या कचेरीतली, कोणाच्या टेबलावरची, काहीच सांगता येत नाही. एकटी सुटी पाटी फार कमी सांगते. '५ मेंढ्या, अमक्याकडून' एवढं वाचून काय करणार? पण तीच पाटी एखाद्या घराच्या कोपऱ्यातल्या मडक्यात, त्याच माणसाच्या दोनशे पाट्यांसोबत सापडली की मग घर उभं राहतं, बायको, भाऊ, पार्टनर, वैरी सगळे दिसायला लागतात. म्हणून आमच्या कामात पाटीवर काय लिहिलंय याच्या आधी पाटी कुठे सापडली हे विचारायचं असतं. हे मी नवीन शिकणाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगतो आणि तुम्हालाही तेच सांगतोय.

उर शहराच्या तिसऱ्या राजवंशाचा काळ (ख्रि.पू. २१ वं शतक) यावर लवकर पुढे जातो. एक लाखाच्या घरात पाट्या आहेत, उम्मा, गिर्सू, द्रेहेम या ठिकाणच्या. कामगार पुरुषाला महिन्याला साधारण ६० लिटर जव आणि बाईला ३० लिटर, हे त्यातूनच कळतं, आणि लोकरीच्या विणकामात बायका किती मोठ्या संख्येने राबत होत्या तेही. सरकारी यंत्रणा कशी चालायची हे यापेक्षा बारकाईने जुन्या जगात दुसरीकडे क्वचितच दिसतं. पण द्रेहेमच्या पाट्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चोरून खणल्या गेल्या, विकल्या गेल्या, आणि एकाच कारकुनाच्या पाट्या आज चार-पाच देशांतल्या म्युझियममध्ये विखुरल्यात, त्या पुन्हा जुळवण्यात लोकांची आयुष्यं गेली.

माणसं बघायची असतील तर मी तुम्हाला कानेशला घेऊन जातो. ते मेसोपोटेमियात नाही, तुर्कस्तानात आहे, कायसेरी शहराजवळ, आजचं नाव कुलतेपे, म्हणजे राखेची टेकडी. १८८० च्या दशकापासून तिथल्या पाट्या बाजारात विकायला यायच्या पण नेमक्या कुठून निघतात ते गावातले लोक सांगायचे नाहीत, एकामागून एक संशोधक येऊन टेकडी खणून गेले आणि रिकाम्या हाताने परतले. १९२५ मध्ये बेडरिख ह्रोझ्नी आला, तिथली हित्ती ही प्राचीन भाषा ज्याने उलगडली तोच, त्यालाही सुरुवातीला काही मिळेना, मग त्याच्या गाडीवानाकडून पत्ता लागला असं सांगतात, की पाट्या टेकडीत नाहीतच, खालच्या शेतात आहेत. वर टेकडीवर स्थानिक राजाचा वाडा होता आणि खाली व्यापाऱ्यांची पेठ. पेठेला ते कारूम म्हणायचे, मूळ अर्थ बंदराचा धक्का, पुढे व्यापाऱ्यांची वस्ती आणि त्यांची पंचायत दोन्हीला तोच शब्द. १९४८ पासून तहसीन ओझगुच यांनी तिथे सहा दशकांच्या जवळपास उत्खनन केलं. आजवर सुमारे २३,००० पाट्या निघाल्यात आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतलं.

हे व्यापारी आले कुठून? आश्शूर शहरातून, तिग्रिस नदीच्या काठावरून, हजार किलोमीटरपेक्षा लांब. गाढवांचे तांडे घेऊन सहा आठवडे चालायचं, मध्ये टॉरस पर्वत, हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद. काळ साधारण ख्रि.पू. १९ वं शतक. माल दोनच मुख्य, कथील आणि कापड. कथील पूर्वेकडून आश्शूरला यायचं, अनातोलियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानात) तांबं होतं पण कांसं करायला कथील लागतं, म्हणून मागणी कायम. एका गाढवावर साधारण ६५ किलो कथील सीलबंद गठ्ठ्यांत, वर चारदोन कापडं, आणि वेगळं सुटं कथील वाटेतल्या टोलला आणि खाण्यापिण्याला. हे सगळं पत्रांत आकड्यांसकट आहे, अगदी गाढवाचा रंगसुद्धा, ही गाढवं पाट्यांमध्ये 'काळी' म्हणूनच येतात. आश्शूरला एका शेकेल चांदीला (शेकेल म्हणजे सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास) १४-१५ शेकेल कथील मिळायचं आणि कानेशला त्याच एका शेकेलला सात-आठ शेकेलच द्यावं लागायचं. म्हणजे भाव दुप्पट. कापडात त्याहून जास्त. कानेशला पोचल्यावर राजवाडा कापडावर ५ टक्के टॅक्स घ्यायचा, शिवाय आणखी १० टक्के कापड आधी विकत घ्यायचा हक्क राजवाड्याचा. परतीला नुसती चांदी आणि सोनं, त्याला गाढवं कमी लागतात, म्हणून बरीच गाढवंसुद्धा तिकडेच विकून टाकायचे.

भांडवल कुठून यायचं हेही सांगतो कारण मला ते वाचताना पहिल्यांदा अंगावर काटा आला होता. अमूर-इश्तार नावाच्या व्यापाऱ्याचा एक करार आहे. त्यात बऱ्याच जणांनी मिळून त्याच्या 'पिशवीत' पैसे घातलेत, पिशवी हाच शब्द, नरुक्कुम, एकूण ३० मिना सोनं. एक मिना म्हणजे अर्धा किलोच्या आसपास, म्हणजे १५ किलो सोनं. मुदत १२ वर्षं. नफ्याचा एक तृतीयांश हिस्सा त्याचा. आणि मुदतीआधी कुणी पैसे काढून घेतले तर त्याला एका मिना सोन्याला फक्त ४ मिना चांदी मिळेल, नफा अजिबात नाही. म्हणजे लाँग टर्म इन्व्हेस्टमेंट, लॉक-इन, आणि लवकर बाहेर पडलं तर कात्री. चार हजार वर्षांपूर्वी, नाणी नव्हती तेव्हा, चांदी तोलून द्यायची तेव्हा. मुलांना सांगा की यात एक राजा नाही, एक सैनिक नाही, एकमेकांना ओळखणाऱ्या शहरातल्या लोकांनी आपापसात केलेला व्यवहार आहे.

आता तुमच्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न, साधे लोक काय करायचे. इथे मी बायकांच्या पत्रांवर थांबणार आहे. नवरे कानेशला, बायका आश्शूरला, आणि जे कापड गाढवांवर जायचं त्यातलं बरंच या बायका घरी विणायच्या, पोरींना आणि दासींना हाताशी घेऊन. पुशुकेन नावाचा मोठा व्यापारी होता, त्याची बायको लमस्सी. तिचं एक पत्र आहे. पाटी हातात मावेल एवढी, मोबाईलपेक्षा लहान, दोन्ही बाजू आणि कडासुद्धा भरलेल्या. वाचताना लाइट डाव्या बाजूने तिरपा घ्यावा लागतो तेव्हा खुणांच्या सावल्या पडतात आणि अक्षर दिसतं, समोरून लाइट मारला तर सगळं सपाट. सुरुवात नेहमीसारखी: 'पुशुकेनला सांग, लमस्सी असं म्हणते'. ते 'सांग' कुणाला आहे? पत्र वाचून दाखवणाऱ्याला. आणि 'असं म्हणते' साठी त्यांचा एक छोटा शब्द आहे, उम्मा, आपण 'म्हणून' किंवा 'म्हणे' जसं लावतो तसा. मराठी माणसाला ते चटकन कळतं, मला तरी पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं होतं.

पुढे ती कोणाच्या हाती किती कापडं पाठवली ते सांगते, एकाकडे नऊ, एकाकडे तीन, आणि अमक्याने आणखी न्यायला नकार दिला तेही. मग मुद्द्यावर येते. तुम्ही सारखं का लिहिता की पाठवलेलं कापड चांगलं नसतं? तुमच्या घरात बसून माझ्या कापडाला नावं ठेवणारा तो आहे तरी कोण? मी तर जिवाचा आटापिटा करून विणते आणि पाठवते, प्रत्येक खेपेला तुमच्या घरात निदान १० शेकेल चांदी पडावी म्हणून. (शब्दशः भाषांतर नाही हे, माझ्या बोलीत सांगतोय, पण मुद्दे तिचेच.) मी हे कितीतरी वेळा वाचलंय आणि दरवेळी तिची बाजू घ्यावीशी वाटते. तिला आकडे माहीत आहेत, ती घरातली नुसती मजूर नाही, तिचा हिशेब वेगळा आहे आणि तो तिला चोख कळतोय.

दुसरं, तरम-कुबी. तिचा नवरा इन्नाया. ती लिहिते की तुम्ही जाताना घरात एक शेकेलसुद्धा ठेवला नाही, घर झाडून नेलंत, तुम्ही गेल्यावर शहरात दुष्काळ पडला, आणि वर मी उधळपट्टी करते म्हणून मलाच बोलता? आणि शेजारचा शलीम-अहुम, त्याने तुम्ही गेल्यापासून दुप्पट मोठं घर बांधलंसुद्धा, आपलं कधी होणार? हे वाचल्यावर मला नाही वाटत कुणाला समजावून सांगावं लागेल की साधी माणसं कशी होती. हीच तरम-कुबी दुसऱ्या एका पत्रात आपल्या भावाला ठणकावते, की आम्ही कौल लावणाऱ्या बायकांना विचारलं, देव अश्शूर तुला इशारे देतोय, तुला पैसा प्यारा झालाय आणि जिवाची पर्वा नाही.

आणि उलट बाजूची पत्रं पण आहेत. पुझुर-अश्शूर नावाचा व्यापारी वक्कुर्तुम नावाच्या बाईला कापड कसं हवं ते कळवतो, प्रत्येक कापडात एक मिना लोकर जास्त घाल पण कापड पातळच राहू दे, एका बाजूने पिंजून घे, कातरू नकोस, पुरं झालेलं कापड नऊ हात लांब आणि आठ हात रुंद असू दे. अक्षरशः एक्स्पोर्टची ऑर्डर. कुठल्या गावात काय खपतं ते त्याला तिकडे दिसतंय आणि तो हजार किलोमीटरवरून इकडच्या मागाला सांगतोय. विणलेलं कापड त्यातलं वीतभर पण आज शिल्लक नाही, कुजून गेलं, कथीलही वितळवून वापरलं गेलं. म्हणजे नुसत्या उत्खननावर अवलंबून राहिलो असतो तर हा व्यापार आपल्याला जवळपास दिसलाच नसता. कानेशची ती घरं स्थानिक पद्धतीची, मडकी स्थानिक, चूल स्थानिक. इथे परदेशी व्यापारी राहत होते हे पाट्या सापडल्या नसत्या तर मातीवरून ओळखायला फार अवघड गेलं असतं. हा मुद्दा मुलांना जरूर सांगा.

चोरटी आयातही होती. टॅक्स वाचवायला डोंगरातून आडवाट धरायचे, तिला 'अरुंद वाट' असंच म्हणायचे. एक पत्र आहे ज्यात लिहिलंय की पुशुकेनकडे चोरून माल गेला, तो पकडला गेला, राजवाड्याने पुशुकेनला धरून तुरुंगात टाकलं, पहारा कडक आहे, राणीने आजूबाजूच्या गावांना निरोप पाठवून नजर ठेवायला माणसं बसवलीत, कृपा करून काही चोरून आणू नका. वर जिच्या पत्राबद्दल सांगितलं त्या लमस्सीचाच हा नवरा. म्हणजे एकाच घराच्या कापडाची, पैशाची, अटकेची अशी सगळी बाजू आपल्यासमोर येते. हे एकाच घराची कागदपत्रं एकत्र ठेवून वाचता आली म्हणून, आणि म्हणूनच मी मघापासून ते घोकतोय.

लग्नाचं पण बघा. लकीपुम नावाच्या माणसाने हताला नावाच्या मुलीशी लग्न केलं, तिचा करार आहे. इकडे अनातोलियात तो दुसरी बायको करणार नाही, आश्शूर शहरात मात्र करू शकतो. दोन वर्षांत मूल झालं नाही तर ती स्वतः एक दासी विकत आणेल. तो सोडेल तर ५ मिना चांदी देईल आणि ती सोडेल तर तीही ५ मिना देईल. दोघांना दंड सारखा. यावरून सगळ्या मेसोपोटेमियात बायकांना समान हक्क होते असं म्हणायची घाई करू नका, असं होतं असं अजिबात नाही, हे कानेशच्या पेठेतलं आहे, दोन समाज एकत्र राहताना तडजोडीने तयार झालेलं. दुसऱ्या शहरांत, दुसऱ्या शतकांत चित्र पार वेगळं आहे.

राज्यकारभार कसा होता? पुढे ज्यांच्या क्रूरपणाच्या कहाण्या आपण वाचतो ते अ‍ॅसिरियन, म्हणजे याच आश्शूरचे राजे हजार वर्षांनंतरचे. या काळात आश्शूर म्हणजे एक शहर, राजा होता पण निर्णय 'शहर' घ्यायचं, म्हणजे तिथली सभा, ते शब्दही तसेच वापरतात, 'शहराने असा निकाल दिला'. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून एक अधिकारी निवडला जायचा आणि त्याच्या नावाने ते वर्ष ओळखलं जायचं. या वर्षांच्या नावांची यादी कानेशलाच सापडली म्हणून आपल्याला पाट्यांची तारीख एवढी नेमकी लावता येते. सभेचे नियम कडक, उदाहरणार्थ आश्शूरच्या माणसाने अक्कडी किंवा अमोराइट (म्हणजे शेजारच्या परक्या लोकांतल्या) माणसाला सोनं विकायचं नाही, विकलं तर जिवंत राहणार नाही, असं एका शिलालेखाचा हवाला देऊन कळवलंय. आणि स्थानिक राजांबरोबर तह व्हायचे, वाटेत आमचा माणूस मारला गेला तर भरपाई कोण देणार ते त्यात ठरवलेलं असायचं. अनातोलियाच्या राजांची एक पद्धत मला फार महत्त्वाची वाटते, अधूनमधून ते लोकांची कर्जं माफ करायचे, त्याला 'कर्ज धुणं' असा शब्द आहे. सावकारी भयंकर होती, व्यापाऱ्यांचा आपापसातला दरसुद्धा वर्षाला ३० टक्के, स्थानिक शेतकऱ्याला त्याहून जास्त, परतफेड बहुतेक सुगीला, आणि जमलं नाही तर घर, बायकोपोरं गहाण. कर्जमाफीचा शब्द ज्या समाजात लागतो त्या समाजात कर्जाने किती लोक बुडत असतील त्याचा अंदाज करा.

आता भरवशाचं. इथे मी थोडं कामाच्या आत नेतो.

त्या काळात कर्जाची पाटी लिहिली की तिच्यावर मातीचाच लिफाफा चढवायचे, त्यावर मजकूर परत थोडक्यात लिहून साक्षीदारांचे आणि कर्जदाराचे शिक्के उमटवायचे. शिक्के म्हणजे दगडाची कोरलेली नळी, ओल्या मातीवर फिरवली की चित्र उमटतं. लिफाफा बंद आहे तोवर करार जिवंत. आतली पाटी बदलायची सोयच नाही. कर्ज फिटलं की पाटी कर्जदाराला परत जायची आणि ती 'मारून' टाकायची, हाच शब्द आहे पाट्यांमध्ये, पाटी मारणे. म्हणून एखाद्या सावकाराच्या घरात लिफाफ्यासकट कर्जाची पाटी सापडली तर आपण म्हणतो हे कर्ज बहुतेक फिटलंच नाही. आणि कर्जदाराच्या घरात सापडली तर फिटलं. मजकूर तोच, सापडलेली जागा वेगळी, अर्थ एकदम उलट. हे मी एकदा स्वतः चुकवलंय, शिकत असताना एका पाटीवर चार पानं लिहिली, सरांनी एकच विचारलं की ही कुणाच्या घरातली, मी बघितलंच नव्हतं, चारही पानं परत लिहावी लागली.

हे बंद लिफाफे फोडायचे की नाही हा जुना प्रश्न, फोडले की शिक्के तुटतात. आता हँबुर्ग विद्यापीठाच्या लोकांनी प्रवासात नेता येईल असं सीटी स्कॅनचं मशिन केलंय, म्युझियममध्ये नेऊन न फोडता आतलं वाचता येतं. मला याचा फार आनंद आहे.

आणि मर्यादा. त्या २३,००० पाट्यांतल्या बहुसंख्य जेमतेम तीस वर्षांतल्या आहेत, ख्रि.पू. १८९५ ते १८६५ च्या आसपासच्या. म्हणजे आपल्याकडे दोन शतकांच्या व्यापाराचा सिनेमा नाही, त्यातल्या एका पिढीचा फोटो आहे. त्यातल्या साधारण अर्ध्याच अजून छापून आल्यात. खुद्द आश्शूरमधल्या या काळातल्या घरांपर्यंत उत्खनन फारसं पोचलेलं नाही, तिथून मोजक्याच पाट्या मिळाल्यात, म्हणजे लमस्सीच्या घरात नवऱ्याची जी पत्रं आली असतील ती आपल्याकडे नाहीत. आपण तिचं बोलणं ऐकतोय ते नवऱ्याच्या पेटीत राहिलं म्हणून. शिवाय ज्यांच्याकडे लिहून ठेवण्यासारखं काही होतं त्यांचंच लिहिलं गेलं. गाढवामागे चालणारा हमाल, दासी, गहाण पडलेलं पोर, यांची नावं येतात, आकडे येतात, त्यांचं स्वतःचं बोलणं मात्र जवळपास नाही. हे वर्गात सांगताना लपवू नका, मुलांना हे समजतं.

पत्रं कोण लिहायचं हाही प्रश्न नेहमी येतो. पगारी लेखक होतेच, पण या व्यापाऱ्यांनी लिपी फार सोपी करून टाकली होती. मेसोपोटेमियात पंडितांना सहाशे-सातशे चिन्हं शिकावी लागत, इथे शंभर-दीडशेत काम भागायचं, आणि दोन शब्दांमध्ये एक उभी खूण मारायचे म्हणजे वाचणाऱ्याला सोपं जावं. त्यामुळे बरेच व्यापारी आणि काही बायकासुद्धा स्वतः लिहीत असाव्यात असं मानलं जातं, काही पत्रांतलं अक्षर आणि चुका बघितल्या की मलाही तसंच वाटतं.

एक गोष्ट मनापासून लिहितो. मला काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने फोटो पाठवले होते, दहा-बारा पाट्या, वाचून द्या म्हणून, पैसे चांगले होते. कुठून आल्या विचारलं तर उत्तर नाही. मी वाचून दिल्या नाहीत. २००३ नंतर इराकमध्ये शेकडो ठिकाणी खड्डे पाडून पाट्या उपसल्या गेल्या आणि जगभर विकल्या गेल्या, इरिसाग्रिग नावाचं एक अख्खं शहर आपल्याला मुख्यतः अशा चोरीच्या पाट्यांमधून माहीत झालंय, पाट्या आहेत पण कोणत्या खोलीतून, कोणत्या घरातून ते कायमचं गेलं. वर मी जी पुशुकेन-लमस्सीची गोष्ट सांगितली तशा किती गोष्टी त्या खड्ड्यांत विस्कटल्या असतील. पुशुकेनची बरीच पत्रंही १९४८ च्या आधी अशीच बाजारातून विखुरली, ती शब्द न् शब्द जुळवून एकत्र आणावी लागली.

भारताचा संबंध मुलं विचारतीलच. आहे. मेसोपोटेमियाच्या लेखांत मेलुहा नावाचा देश येतो, बहुतेक अभ्यासक तो सिंधू संस्कृतीचा प्रदेश मानतात. मेसोपोटेमियातल्या अक्कड शहराचा राजा सारगॉन म्हणतो की मेलुहाची जहाजं माझ्या अक्कडच्या धक्क्याला लागतात. आणि पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये एक शिक्का आहे, शु-इलिशु नावाच्या माणसाचा, त्यावर त्याचा धंदा लिहिलाय: मेलुहाच्या भाषेचा दुभाषी. त्या माणसाला जी भाषा येत होती ती आपल्याला आज वाचता येत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की वर्गात पाटी करून बघता येईल का. येईल, करा. शाडूची माती चालेल, मळून तळहातावर मावेल एवढी चपटी उशी करायची, फार ओली नको, बोटाला चिकटायला नको. बोरूऐवजी आइस्क्रीमची चौकोनी काडी घ्या, तिचा कोपरा मातीत टेकवायचा आणि उचलायचा, ओढायचा नाही, ओढला की माती गोळा होते आणि खूण बिघडते. उभी, आडवी आणि तिरपी, तीनच खुणांवर सुरुवात करा. पुढची बाजू भरली की पाटी वहीच्या पानासारखी उजवीकडून डावीकडे उलटायची नाही, खालच्या कडेवरून वर अशी फिरवायची, मजकूर त्या कडेवरून तसाच मागे चालू राहतो. पहिल्या ओळीत 'अमक्याला सांग, अमकी असं म्हणते' असं येऊ दे, आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला लमस्सीचं पत्र मोठ्याने वाचायला द्या.